घराणं पक्कं, वारस कच्चा: असिरियाची गादी कशी मिळायची आणि कशी बळकावली जायची

असिरियाच्या राजांची एक लांबलचक यादी मातीच्या पाट्यांवर लिहिलेली सापडली आहे. तिच्या एकाहून जास्त प्रती आहेत आणि नोंदींचा साचा ठरलेला: अमका, तमक्याचा मुलगा, इतकी वर्षं राज्य केलं. वाचणाऱ्याला जांभई यावी इतकं एकसुरी. पण इ.स.पू. १७०० च्या आसपासच्या भागात हा साचा एकदम मोडतो. अशुर-दुगुल नावाच्या राजापुढे बापाचं नावच नाही. तिथे लिहिलंय, 'कोणाचाही मुलगा नाही, गादीवर हक्क नाही, सहा वर्षं राज्य केलं.' त्याच्या पाठोपाठ आणखी सहा नावं येतात, तीही सगळी 'कोणाचाही मुलगा नाही' अशीच. त्यांतलं शेवटचं नाव अदासी.

त्याच्या खालची नोंद बघा: बेल-बानी, अदासीचा मुलगा, दहा वर्षं. साचा पुन्हा जागेवर. हजारेक वर्षांनी एसारहद्दोन राजा आपल्या लेखात अभिमानाने सांगतो की मी अदासीचा मुलगा बेल-बानी याच्या वंशातला, आमचं राजबीज सनातन आहे. यादीने ज्याला बिनबापाचा ठरवला, तोच घराण्याचा मूळपुरुष होऊन बसला.

असिरिया म्हणजे आजच्या उत्तर इराकमधला टिग्रिस नदीकाठचा मुलूख. अश्शूर, कल्हू आणि निनेवे ही त्याची मोठी शहरं. तिथल्या गादीची गोम अशी, की घराणं ठरलेलं होतं, पण घराण्यातला नेमका कोण हे कधीच ठरलेलं नव्हतं. थोरल्यालाच गादी मिळावी असा कायदा नव्हता. मिळायची मात्र पुष्कळदा थोरल्याला, त्यामुळे प्रत्येक थोरल्याला ती आपलीच वाटायची. राजाच्या राण्या अनेक, मुलं अनेक, आणि निवड करणारा बाप एकटा. त्याला आपला निर्णय बदलताही यायचा. म्हणून असिरियात 'गादी बळकावली' असं वाचलं, की बाहेरून आलेला कुणी उपटसुंभ डोळ्यांपुढे आणू नये. बहुतेक वेळा तो भाऊ असतो, कधी पोटचा मुलगा. इ.स.पू. तेराव्या शतकाच्या शेवटी तुकुल्ती-निनुर्ता या पराक्रमी राजाला त्याच्याच मुलाने आणि सरदारांनी गादीवरून ओढलं, त्यानेच वसवलेल्या शहरात एका खोलीत कोंडलं आणि शस्त्राने ठार केलं. ही हकिकत एका जुन्या बखरीत अगदी दोन ओळींत येते.

युवराज नेमायचा तो कसा

इ.स.पू. सातव्या शतकातली पद्धत आपल्याला सर्वांत तपशिलात माहीत आहे, कारण निनेवेच्या राजवाड्यांतला पत्रव्यवहार आणि दप्तर हजारो पाट्यांच्या रूपाने टिकलं.

आधी भाषेची एक खुबी. युवराजाला 'राजाचा मुलगा' म्हणत. राजाला मुलगे दहा असोत, ही पदवी एकाचीच. बाकीचे नुसते राजबीज.

राजाच्या मनात नाव पक्कं झालं की ते सूर्यदेव शमाशपुढे जाई. शमाश हा न्यायाचा देव, म्हणून कौल त्याचा. प्रश्न पाटीवर लिहायचा, उमेदवाराचं नाव पपायरसच्या, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या कागदाच्या, तुकड्यावर लिहून देवापुढे ठेवायचं, आणि मेंढा कापून त्याचं यकृत, फुप्फुसं, आतडी तपासायची. यकृतावरच्या प्रत्येक खाचेला, रेघेला नाव होतं: एक 'स्थान', एक 'वाट', मग पित्ताशय, असं क्रमाने बघत जायचं. उजवी बाजू विचारणाऱ्याची, डावी शत्रूची. उजवीकडची खूण स्वच्छ आणि पूर्ण असली तर शुभ, डावीकडची तशी असली तर अशुभ. शेवटी शुभ किती, अशुभ किती, याचा हिशेब. मनासारखा आला नाही तर दुसरा मेंढा.

या प्रश्नपत्रांचा मधला भाग मोठा वाचनीय आहे. त्यात देवाला आधीच सांगून ठेवलेलं असतं की अमुक चुका मनावर घेऊ नकोस. मेंढ्यात काही खोट असेल, कौल घेणाऱ्याने विटाळाची वस्तू शिवली असेल, त्याची जीभ अडखळली असेल, तर ते सोडून दे आणि उत्तर तेवढं खरं दे. वकिलाने लिहावा तसा हा मजकूर. एसारहद्दोनने असाच एक प्रश्न विचारला होता: माझा मुलगा सिन-नादिन-अप्ली, ज्याचं नाव या पपायरसवर लिहून तुझ्यापुढे ठेवलं आहे, त्याने 'वारसाच्या वाड्यात' प्रवेश करावा का? हा सिन-नादिन-अप्ली पुढे युवराज म्हणून कुठेच दिसत नाही. इ.स.पू. ६७२ मध्ये त्या वाड्यात गेला तो एसारहद्दोनचा दुसरा एक मुलगा, अशुरबनिपाल.

हा वारसाचा वाडा हे नुसतं राहण्याचं ठिकाण नव्हे. तिथे युवराजाची शाळाही होती आणि कचेरीही. अशुरबनिपाल सांगतो की इथे मी घोड्यावर बसायला, धनुष्य चालवायला शिकलो, लिपी शिकलो, अवघड भागाकार-गुणाकार सोडवले. पण खरं महत्त्व कचेरीचं. त्याचा आजा सेन्नाकेरिब युवराज होता तेव्हा उत्तरेकडच्या उरार्तु राज्यातल्या हेरांच्या बातम्या त्याच्याकडे येत आणि त्यांचं सार काढून तो बापाला, सार्गोनला, पाठवी. ही पत्रं आज वाचता येतात. बाप मोहिमेवर गेला की मागचा कारभार युवराजाकडे. त्यामुळे वाड्यात काढलेली वर्षं म्हणजे माणसं जोडण्याची वर्षं. सुभेदार, हेर, कारकून, पहारेकरी सगळे त्याला ओळखू लागत. युवराज बदलणं एवढं घातक का ठरे, याचं उत्तर इथेच आहे. पदवी काढून घेता येते, जोडलेली माणसं काढून घेता येत नाहीत.

शेवटची पायरी शपथेची. भावांपासून मांडलिकांपर्यंत सगळ्यांना देवांसमोर नव्या वारसाच्या निष्ठेची आण घ्यावी लागे. तिच्याबद्दल पुढे सविस्तर बोलायचंच आहे.

दोन राजांमधली पोकळी

एक राजा मेला आणि दुसरा बसला, यांमधले दिवस सर्वांत धोक्याचे. सत्तेची प्रत्येक कडी मेलेल्या राजाशी बांधलेली असे. सुभेदार त्याने नेमलेला, अधिकार त्याने दिलेला. तोच नसेल तर हुकूम कुणाचा?

राज्याभिषेकाच्या जुन्या विधीत ही अडचण चक्क करून दाखवली जाई. अश्शूर शहरातल्या देवळाकडे राजाला नेताना पुढे पुजारी घोष करी: 'अश्शूर राजा आहे! अश्शूर राजा आहे!' अश्शूर हा देव, खरा राजा तो, माणूस त्याचा कारभारी. मुकुट चढवल्यावर मोठमोठे अधिकारी आपापल्या पदाच्या खुणा राजापुढे ठेवत आणि रांगेतली आपली जागा सोडून मागे सरत. त्या क्षणी राज्यात एकही अधिकारी नाही. मग राजा म्हणे, 'ज्याने त्याने आपापलं पद सांभाळावं,' आणि प्रत्येक जण पुन्हा आपल्या जागी. एका वाक्यात सगळ्यांच्या नेमणुका नव्याने झाल्या, आता ते या राजाचे नोकर. आजच्या मंत्रिमंडळाच्या राजीनाम्याची आठवण व्हावी असा हा प्रकार आहे. फरक एवढाच, की तो अर्ध्या घटकेत उरकायचा.

चोर ओळखायचा कसा

गादी बळकावणारा 'मी बळकावली' असं लिहून ठेवत नाही. इतिहासकाराला ते फटींतून शोधावं लागतं, आणि त्यासाठी असिरियात एक फार उपयोगी साधन आहे. तिथे वर्षांना आकडे नव्हते, नावं होती. दर वर्षी एक मोठा अधिकारी निवडत आणि ते वर्ष त्याच्या नावाने ओळखलं जाई. या वर्षनामांच्या याद्या टिकल्या आहेत, आणि काहींत प्रत्येक नावापुढे त्या वर्षाची ठळक घटना एका ओळीत दिली आहे. एका नोंदीत अश्शूर शहरात बंड झाल्याचं लिहून पुढे सिमानु महिन्यात सूर्याला ग्रहण लागल्याचं लिहिलंय. खगोलगणिताने ते ग्रहण इ.स.पू. ७६३ च्या १५ जूनचं ठरतं, आणि त्या एका खुंटीवर असिरियाचा अख्खा कालक्रम टांगलेला आहे. पुढच्या काही वर्षांच्या नोंदी बंडांनी भरलेल्या दिसतात, आज या शहरात, उद्या त्या.

इ.स.पू. ७४६ ची नोंद: कल्हूमध्ये बंड. पुढच्या वर्षाची नोंद: अय्यारु महिन्याच्या १३ तारखेला तिग्लथ-पिलेसर गादीवर बसला. दोन ओळींच्या मध्ये काय झालं असेल ते वाचणाऱ्याने समजून घ्यावं. शंकेला आणखी जागा त्याच्या बापाच्या नावाने मिळते. राजयादी त्याला अशुर-निरारीचा मुलगा म्हणते, त्याच्या स्वतःच्या विटांवरचा मजकूर अदाद-निरारीचा. बाप दोन असले की कागदपत्रांत गोंधळ आहे एवढं नक्की.

त्याच्यानंतरच्या शल्मनेसरने पाचच वर्षं राज्य केलं, आणि इ.स.पू. ७२२ मध्ये आला सार्गोन. याच्या बाबतीत खुणांची रासच आहे. त्याचं अक्कादी नाव शर्रु-किन, अर्थ साधारण 'खरा राजा'. खऱ्या राजाला असं नाव सहसा घ्यावं लागत नाही. असिरियन राजे बाप-आज्यांची नावं सांगितल्याशिवाय लेख सुरू करत नाहीत, सार्गोन बापाचं नाव जवळजवळ कधीच घेत नाही. एका लेखात तो शल्मनेसरवर उघड आरोप करतो: त्याने अश्शूरसारख्या पवित्र शहरावर वेठबिगार लादली, म्हणून देव कोपला आणि त्याचं राज्य उलथवलं. नंतर ६,३०० 'अपराधी' असिरियनांना प्राण न घेता सीरियातल्या हमाथला नेऊन वसवल्याचंही तो सांगतो. सहा हजारांवर आपलीच माणसं अपराधी ठरतात, तेव्हा गादी शांतपणे आलेली नसते. तरीही तो परका होता असं मात्र समजू नये. एका रंगवलेल्या फरशीवर तो तिग्लथ-पिलेसरचा मुलगा असल्याचा उल्लेख आहे. म्हणजे पुन्हा तेच, घरातलाच.

बळकावणाऱ्याचे कारभारी निर्णयही बोलके असतात. पवित्र शहरांना कर आणि वेठीतून सूट, साथ देणाऱ्यांना जमिनी, जुन्या राजधानीपासून दूर नवी राजधानी. सार्गोनने 'दूर-शर्रुकिन' नावाची नवी राजधानी वसवली. पण इ.स.पू. ७०५ मध्ये तो अनातोलियाच्या मोहिमेत मारला गेला, प्रेतही हाती लागलं नाही, आणि मुलगा सेन्नाकेरिबने ते शहर अपशकुनी मानून निनेवेला मुक्काम हलवला.

तेबेतुची वीस तारीख

सेन्नाकेरिबचं प्रकरण मुळातून समजून घेतलं तर ही सगळी यंत्रणा कुठे तुटते ते दिसतं.

त्याने थोरल्या मुलाला, अशुर-नादिन-शुमीला, दक्षिणेकडच्या बॅबिलोनच्या गादीवर बसवलं होतं. इ.स.पू. ६९४ मध्ये पूर्वेकडच्या एलाम राज्याच्या लोकांनी त्याला पकडून नेलं आणि तो पुन्हा दिसला नाही. मग दुसरा मुलगा अर्दा-मुलिस्सी वारस म्हणून पुढे आला. बरीच वर्षं तो त्या जागेवर होता. आणि इ.स.पू. ६८३ च्या सुमारास बापाने त्याला बाजूला करून धाकट्या एसारहद्दोनचं नाव जाहीर केलं. एसारहद्दोनची आई नकिया ही करारी बाई, तिचं वजन मोठं होतं. एसारहद्दोन स्वतःच लिहितो, 'मी भावांमधला धाकटा.' देवांचा कौल झाला, भावांनी शपथा घेतल्या, सगळं रीतसर. त्यानंतर चहाड्या सुरू झाल्या आणि बापाने एसारहद्दोनला पश्चिमेकडे दूर ठेवलं.

ही चूक होती असं म्हणावं लागतं. नवा वारस दूर, आणि जुना, दुखावलेला वारस आपली सगळी जोडलेली माणसं घेऊन राजधानीत.

एका तुटक्या पत्रातून पुढचा प्रसंग कळतो. कटाची कुणकुण लागलेला एक बॅबिलोनी माणूस राजाकडे दाद मागतो. राजाकडे दाद मागणाऱ्याला थेट राजासमोर उभं करायचं असा रिवाज होता. दोन अधिकारी त्याला विचारतात, तुझी दाद कुणाबद्दल? तो सांगतो, अर्दा-मुलिस्सीबद्दल. ते त्याच्याच अंगरख्याने त्याचं तोंड झाकतात आणि नेऊन उभं करतात ते अर्दा-मुलिस्सीच्याच पुढे. म्हणतात, तुझी विनंती मान्य झाली, बोल. डोळ्यांवर कापड असलेला तो बिचारा समोर राजा आहे असं समजून म्हणतो, 'तुमचा मुलगा अर्दा-मुलिस्सी तुम्हाला मारणार आहे.' कापड काढतात. चौकशी होते. मग त्याला आणि त्याच्या भावांना ठार करतात. हे पत्र १९८० मध्ये नीट लावलं गेलं आणि खुनी कोण याचा उलगडा झाला. तोवर बायबलमधलं 'अद्रम्मेलेक' हे बिघडलेलं नाव तेवढं हाती होतं.

इ.स.पू. ६८१ च्या तेबेतु महिन्याच्या २० तारखेला सेन्नाकेरिबला मुलाने मारलं. बॅबिलोनची बखर म्हणते, बंड अद्दारुच्या २ तारखेपर्यंत चाललं. तेबेतुचे दहा दिवस, शबातुचे तीस, अद्दारुचे दोन: बेचाळीस दिवस.

या बेचाळीस दिवसांत अर्दा-मुलिस्सीला राज्याभिषेक उरकता आला नाही, आणि त्याचा डाव तिथेच फसला. भाऊ आपसांत करडांसारखे टकरा घेत होते, असं एसारहद्दोन लिहितो. उलट त्याची स्वतःची घाई बघा: एक-दोन दिवस थांबलो नाही, फौजेची पाहणी केली नाही, पिछाडी बघितली नाही, घोडे तपासले नाहीत, वाटेची शिधासामग्री जमवली नाही, शबातुच्या बर्फाला आणि थंडीला भ्यालो नाही. अतिशयोक्ती धरूनही मुद्दा खरा आहे. गादीच्या शर्यतीत फौज किती यापेक्षा कोण आधी पोचतो याला किंमत होती. खनिगल्बातच्या प्रदेशात भावांची फौज आडवी आली, आणि तिथे समोरच्या शिपायांतूनच हाकाटी उठली, 'हाच आमचा राजा!' शपथ त्यांनी याच्याच नावाने घेतली होती. ती मोडणाऱ्यावर देवांचा कोप होतो, आणि राजाचा खून झाल्यावर तो कोप कुणावर येणार हे प्रत्येकाच्या मनात असणार. टिग्रिस छोट्या चरासारखी ओलांडून अद्दारुच्या ८ तारखेला एसारहद्दोन निनेवेत शिरला. भाऊ उरार्तुच्या बाजूला पळाले.

गंमत म्हणजे या सबंध लेखात बापाचा खून झाल्याचं तो सरळ कुठेच लिहीत नाही.

शपथेची पाटी

असा राजा आपल्या वारसाची नेमणूक कशी करील? धास्तीने. एसारहद्दोनच्या शमाशला विचारलेल्या प्रश्नांत एक मोठी यादी येते: खोजे (म्हणजे खच्ची केलेले अधिकारी) बंड करतील का, दाढीवाले अधिकारी करतील का, भाऊ, चुलते, रथ हाकणारे, दारवान, पेले भरणारे, आचारी, भटारी? स्वयंपाकघरापर्यंत संशय पोचला होता.

इ.स.पू. ६७२ च्या अय्यारु महिन्यात त्याने राज्यभर शपथ घ्यायला लावली. त्या मजकुराच्या पाट्या १९५५ मध्ये कल्हूच्या नबू देवळात तुकड्यांत सापडल्या, निदान आठ प्रती. २००९ मध्ये तुर्कस्तानात तेल तायनातच्या देवळात आणखी एक मिळाली. एकेक पाटी सुमारे ४५ सेंटिमीटर उंच, ३० सेंटिमीटर रुंद, वर साडेसहाशेच्या पुढे ओळी. नेहमीची पाटी तळहातावर मावते, ही छातीशी धरावी लागेल. वर तीन शिक्के, खुद्द अश्शूर देवाचे, वेगवेगळ्या काळातले. ती देवळात उभी करून ठेवायची आणि देवासारखी जपायची असा हुकूम.

कलमं वाचताना कळतं की प्रत्येक कलमामागे एखादा घडलेला किंवा भीतीतला प्रसंग आहे. वारस लहान असताना राजा मेला तर काय. वारसाला कुणी मारलं आणि त्याची बायको गरोदर असेल तर होणाऱ्या मुलाला वाढवून गादीवर बसवा. भाऊ, चुलता, चुलतभाऊ, कुणी अंगात येणारा किंवा भविष्य सांगणारा, कुणाच्याही तोंडून वाईट शब्द ऐकला तर लपवू नका, येऊन सांगा. बंडखोर हाती लागला तर मारा. बंडखोरांनी तुम्हालाच पकडलं तर पळून अशुरबनिपालकडे या. वारसाचं आणि त्याच्या भावांचं, आईचं वाकडं येईल असं बोलू नका. त्याला विष देऊ नका. दुसऱ्या कुणाशी आणभाक करू नका, मग ती पानावर बसून असो, एका पेल्यातून पिऊन, विस्तव पेटवून, पाणी किंवा तेल घेऊन, की छातीला हात लावून. आपल्याकडे बेलभंडारा उचलून शपथ घेत. तिथे असे पाच-सहा प्रकार होते, आणि राजाने एकूण एक बंद केले.

मग शाप येतात, ओळींमागून ओळी. काशाच्या आभाळातून पाऊस पडत नाही तसा तुमच्या शेतात न पडो. मधाच्या पोळ्याला जशी भोकं तशी तुमच्या, तुमच्या बायकांच्या, मुलांच्या अंगाला पडोत. ऐकणारा शेतकरी असो की सुभेदार, त्याला समजावं अशा घरगुती वस्तूंतून हे शाप उभे केले आहेत.

या पाटीचा दोष तिच्यातच होता. प्रत्येकाने प्रत्येकाची चहाडी सांगावी असं सांगितल्यावर राजाकडे चहाड्यांचा पूर आला. वर्षभरातच हर्रान शहराजवळ एका दासीच्या अंगात नुस्कु देव आला आणि सासी नावाच्या एका माणसाचं नाव घेऊन म्हणाला, 'राज्य सासीचं आहे, सेन्नाकेरिबचं नाव आणि बीज मी नष्ट करीन.' ही बातमी देणारं पत्र लिहिणारा, 'मी शपथ घेतली आहे म्हणून कळवतो' या धर्तीवर लिहितो. इ.स.पू. ६७० ची बखरीतली नोंद कोरडी आहे: राजाने आपल्या पुष्कळ मोठ्या अधिकाऱ्यांना तलवारीने मारलं.

याच राजाच्या काळात खोटा राजा बसवण्याचा विधीही पुन्हा पुन्हा झाला. चंद्रग्रहण राजाच्या मृत्यूचं चिन्ह निघालं तर एखाद्याला राजवस्त्रं देऊन गादीवर बसवायचं, जोडीला राणी द्यायची, आणि जास्तीत जास्त शंभर दिवसांनी त्याला 'नशिबाकडे' पाठवायचं. अपशकुन खरा ठरला, खरा राजा वाचला. तोवर दरबारी पत्रांत खऱ्या राजाला 'शेतकरी' म्हणून संबोधत. इथे जुन्या इसिन शहराची कथा आठवल्याशिवाय राहत नाही. राजाने असाच एक माळी, एन्लिल-बानी, गादीवर बसवला, आणि राजाच गरम पेज पिताना मेला. माळी उठायला तयार झाला नाही. त्याने २४ वर्षं राज्य केलं.

एका घरात दोन गाद्या

६७२ च्या व्यवस्थेत आणखी एक डाव होता. असिरिया धाकट्या अशुरबनिपालला, बॅबिलोन थोरल्या शमाश-शुम-उकिनला. दरबारातल्या एका पंडिताने राजाला लिहिलं की स्वर्गातही झालं नाही ते तुम्ही पृथ्वीवर केलंत. स्तुती म्हणून लिहिलं असावं. वाचताना ती धोक्याची सूचनाही वाटते.

इ.स.पू. ६६९ मध्ये इजिप्तच्या वाटेवर एसारहद्दोन मेला. म्हातारी नकिया अजून होती. तिने ताबडतोब स्वतःच्या नावाने नवी शपथ घ्यायला लावली, आणि शपथ घेणाऱ्यांत पहिलं नाव शमाश-शुम-उकिनचं घातलं. कटाची बातमी कुणाला सांगायची? माझ्या नातवाला आणि मला. तेबेतुच्या विसाव्या तारखेचा धडा तिच्याइतका कुणाला पाठ नव्हता. पोकळी राहिलीच नाही, अशुरबनिपाल बिनघोर बसला.

सोळा-सतरा वर्षं निभलं. पण बॅबिलोनचा राजा नावाचाच होता. तिथल्या शहरांचे अधिकारी त्याला डावलून थेट निनेवेला पत्रं लिहीत, धाकटा भाऊ थेट हुकूम देई. इ.स.पू. ६५२ मध्ये थोरल्याने बंड केलं. बॅबिलोनच्या नागरिकांना अशुरबनिपालने लिहिलेलं पत्र आहे: 'हा भाऊ नसलेला जे वाऱ्याचे शब्द तुमच्याशी बोलला ते मी ऐकले.' चार वर्षांनी, इ.स.पू. ६४८ मध्ये, वेढ्यात उपासमारीने खचलेलं शहर पडलं आणि शमाश-शुम-उकिन आगीत संपला. कैद्यांपैकी काहींना अशुरबनिपालने आजोबाच्या नावाने बळी दिलं, ज्या दगडी द्वारदेवतांपाशी सेन्नाकेरिबला चिरडलं होतं त्यांच्याचपाशी. खुनाला तेहेतीस वर्षं झाली होती.

आता राहिला खोजांचा प्रश्न. असिरियन शिल्पांत दाढीवाले आणि गुळगुळीत चेहऱ्याचे असे दोन प्रकारचे अधिकारी दिसतात. दुसरे ते खोजे. कल्हूच्या राजवाड्यातल्या काही कोरीव शिळा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही आहेत, तिथे ही शैली जवळून बघता येते. खोजांवर राजांचा भरवसा एका सरळ हिशेबाने: ज्याला मूल नाही तो घराणं काढणार नाही, त्याने गादी घेऊन करायचं काय? म्हणून सुभे, फौजा, राजवाड्याची दारं त्यांच्या हाती. पण राजाच कच्चा निघाला तर या सगळ्याचा मालक खोजाच.

अशुरबनिपालनंतर अशुर-एतेल-इलानी हा त्याचा अल्पवयीन मुलगा बसला. त्याच्या दानपत्रांत तो मोकळेपणाने सांगतो की बाप गेल्यावर मला सांभाळणारं कुणी नव्हतं, खोजांचा प्रमुख सिन-शुम-लिशिर याने बापासारखं सांभाळून गादीवर बसवलं. त्या खोजाच्या पथकातल्या सरदारांना करमाफ जमिनी दिल्याचे हे कागद आहेत. साथ देणाऱ्यांना बक्षीस कसं मिळे, त्याच्या या पावत्याच. चारेक वर्षांत तो मुलगाही गेला आणि भाऊ सिन-शर-इश्कुन पुढे आला, तेव्हा सिन-शुम-लिशिरने स्वतःलाच राजा म्हणवलं. ६७२ च्या शपथेत बंडखोर 'खोजा असो वा दाढीवाला' असे शब्द आहेत. असिरियाच्या गादीवर हक्क सांगणारा खोजा तेवढा हा एकच झाला.

इ.स.पू. ६१२ मध्ये निनेवे पडलं. कल्हूच्या देवळातल्या त्या शपथेच्या पाट्याही त्याच सुमारास फोडल्या गेल्या. दक्षिणेत उरुकमध्ये मात्र राजांची एक छोटी यादी नंतरही लिहिली गेली. तिच्यात कंदलानु आणि नबोपोलस्सर या बॅबिलोनच्या दोन राजांच्या प्रत्येकी २१ वर्षांमध्ये एकच वर्ष येतं, आणि ते आणखी दोघांत वाटलेलं आहे: सिन-शुम-लिशिर आणि सिन-शर-इश्कुन. बापाचं नाव कुणापुढेच नाही.